आंबट पाऊस आणि घाबरलेली सहावी

यावल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

“मी सहावीला विज्ञान शिकवते. हवेचं प्रदूषण, आम्ल पर्जन्य आणि हवामान बदल हे मी एकाच आठवड्यात घेतलं. मुलांना नीट कळावं म्हणून मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात वाळलेली जंगलं, चेहरा झिजलेले पुतळे आणि तळ्यात मेलेले मासे होते. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. एक मुलगी छत्री असूनही दोन्ही हात ओढणीत गुंडाळून शाळेत आली. ‘मॅडम, आंग जळीन का?’ असं तिने विचारलं. तिच्या घरी केळीची बाग आहे. पानांवरचे करप्याचे डाग ॲसिडच्या पावसाचेच, असं तिने वडिलांना सांगितलं आहे. तेव्हापासून ती पावसात अंगणातही उतरत नाही. वर्गातला आणखी एक मुलगा घरात पंखा लावू देत नाही. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरानेच आपल्याकडे एवढं ऊन पडतं, असं तो म्हणतो. खरं सांगावं तर मुलं घाबरतात, आणि न सांगावं तर मीच त्यांना फसवल्यासारखं होतं. मी काय करू?”

ताई,

आधी त्या मुलीला तिचा पाऊस परत करा. बाकीचा धडा आठ दिवस मागे पडला तरी चालेल.

तिच्या मनात काय आलं असेल, याचा विचार करून पाहा. आपल्याकडे ‘ॲसिड’ म्हणजे संडासाची फरशी घासायची बाटली. तिचं बूच उघडलं की नाकात झणका जातो, आई ओरडते, लांब हो, हाताला लागलं तर कातडी निघेल. गावातल्या मुलाला ॲसिड माहीत आहे ते एवढंच. त्यात आपण सांगितलं की ॲसिडचा पाऊस पडतो. मग तिने हात झाकले यात तिचं काय चुकलं? उलट वर्गात तुमचं बोलणं सगळ्यात मनापासून तिनेच ऐकलं असणार.

म्हणून पहिल्या तासाला तो शब्दच वापरू नका. ‘आंबट पाऊस’ म्हणा. आम्ल आणि आंबट हे एकाच घरातले शब्द आहेत, आणि आंबटाला आपली मुलं भीत नाहीत. लिंबू, चिंच, कैरी, ताक यांवरच ती वाढली आहेत. मग फळ्यावर एक आडवी रेघ ओढा आणि सामूची, म्हणजे पीएचची, शिडी काढा. मध्ये ७, तिथे शुद्ध पाणी. डावीकडे गेलं की आंबटपणा वाढतो, उजवीकडे गेलं की चुन्याच्या निवळीकडे जातो. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास, ताक आणि टोमॅटो साधारण साडेचारला. आता मुलांना विचारा, अगदी स्वच्छ हवेतला पाऊस कुठे ठेवायचा? सगळी ७ वर बोट ठेवतील. तो असतो ५.६ च्या आसपास. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत विरघळतो तसाच, फक्त फार थोडा. म्हणजे पाऊस मुळातच किंचित आंबट आहे, आणि धरतीवर पहिला पाऊस पडला तेव्हापासून आहे.

ज्याला पुस्तक आम्ल पर्जन्य म्हणतं, तो ५.६ च्याही डावीकडे सरकलेला पाऊस. युरोप-अमेरिकेत तो जोरात होता तेव्हाही त्याचा सामू बहुतेक ४ ते ४.५ च्या घरात असायचा. हे त्या मुलीला सांगा आणि तिलाच विचारा, “मग तो ताकाएवढाच आंबट झाला की नाही? रोज भाकरीसोबत ताक पितेस तेव्हा जीभ जळते का?” ती हसेल. माझ्या वर्गातली मुलं हसायची.

पण तेवढ्यावर थांबू नका, कारण वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर लगेच विचारेल, “ताकाएवढाच आंबट, तर मासे का मेले?” या प्रश्नाची मी तरी वाट पाहायचे. उत्तर असं की आपण ताक पितो आणि पेला खाली ठेवतो. मासा त्या पाण्यात रात्रंदिवस राहतो, अंडीही तिथेच घालतो. झाडाची मुळं त्या मातीत वर्षानुवर्षं असतात. आंबट पाणी मातीतला चुना आणि मॅग्नेशियम हळूहळू धुऊन नेतं, आणि मातीत गप्प बसलेलं ॲल्युमिनियम सुटून तळ्यात येतं. ते माशांच्या कल्ल्यांत अडकतं, त्यांना श्वास घेता येत नाही. जंगलं वाळली ती एका पावसात वाळली नाहीत, त्याला कितीतरी वर्षं लागली. त्या व्हिडिओत वीस-तीस वर्षांची गोष्ट दोन मिनिटांत दाखवली असेल, आणि मुलांना ती एका रात्रीची वाटली. मुलांना भीती भरली ती इथे. पडद्यावरचा काळ खरा किती होता, एवढं सांगितलं तरी निम्मी भीती ओसरते.

आता केळीचं. हे तुम्ही स्वतः समजावण्याऐवजी तिच्या वडिलांना शाळेत बोलवा, किंवा वर्ग घेऊन त्यांच्या बागेत जा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला करपा शिकवायची गरज नाही. तो बुरशीचा रोग आहे. आधी शिरांच्या दिशेने बारीक पिवळट रेघा दिसतात, मग त्या तपकिरी होतात, मधला भाग राखाडी पडतो आणि भोवती पिवळं वलय राहतं. सुरुवात बहुधा खालच्या, जुन्या पानांवर होते. ओल आणि दमट हवा असली की वाढतो, म्हणून पावसाळ्यात दिसतो, आणि म्हणूनच त्या मुलीला वाटलं की पाऊसच जाळतोय. तिचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकलं. हे तिला याच शब्दांत सांगा, सगळ्या वर्गासमोर. पावसात डाग वाढतात हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पाऊस सगळ्याच पानांवर सारखा पडतो, मग डाग खालच्या पानांवर जास्त का, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवा. थंडीत चरका बसतो त्याचाही विषय निघेल, मे महिन्यात गरम वाऱ्याने पानं फाटतात त्याचाही. निघू द्या. एका पानाला दुखणी किती प्रकारची असतात हे कळलं की मूल प्रत्येक डागाचं खापर आभाळावर फोडत नाही.

आपल्या भागाबद्दल एक गोष्ट पुस्तकात बहुधा नसते. भारताच्या पुष्कळ भागांत पाऊस तेवढा आंबट होत नाही, कारण आपल्या हवेतली धूळ. या धुळीत चुना असतो, आणि चुना आंबटपणा मारतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, ती चुनखडी. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात म्हणून शेतकरी तिला नावं ठेवतो. तीच माती वाऱ्याबरोबर वर जाते आणि ढगातल्या आंबटाला गाठते. देशात सगळीकडेच असं आहे असं नाही. ईशान्येकडे आणि काही कारखानदारीच्या पट्ट्यांत आंबट पाऊस मोजला गेला आहे. पण पावसात भिजलं म्हणून खान्देशातल्या मुलीचं अंग जळणार नाही, हे तुम्ही तिला ठामपणे सांगू शकता. ती फसवणूक नाही.

हे वर्गात करून दाखवायचं असेल तर खडू घेऊ नका. पुस्तकावर विसंबून मी एकदा खडूवर लिंबू पिळलं. चाळीस मुलं माना पुढे करून बसली होती आणि काही म्हणता काही झालं नाही. हल्लीचे बरेचसे खडू जिप्समचे असतात, ते फसफसत नाहीत. अंड्याचं टरफल घ्या, किंवा त्याहून बरं, शेतातला चुनखडीचा पांढरा खडा आणा. त्यावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात, कान जवळ नेला तर चर्र ऐकू येतं. त्या एका खड्यात दोन धडे आहेत. संगमरवरही याच जातीचा, म्हणून पुतळे झिजतात. आणि आंबटपणा मारला जातोय तोही इथेच, म्हणून आपला पाऊस सावरला जातो. (ताजमहालाचं उदाहरण पुस्तकं हमखास देतात. तिथल्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आसपासच्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना गॅसवर जा नाहीतर दुसरीकडे जा, असा आदेश दिला, हे खरं आहे. पण पुढे संगमरवराच्या पिवळेपणाचा अभ्यास झाला तेव्हा त्यात धूळ आणि धुरातले कार्बनी कण सापडले. म्हणून ताजमहाल सांगितलात तर हेही सांगा.)

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. तुम्ही एका आठवड्यात तीन गोष्टी शिकवल्या आणि मुलांच्या डोक्यात त्यांची खिचडी झाली. हे तुमच्या एकटीचं नाही. मोठी शिकलेली माणसंही धूर, आंबट पाऊस आणि तापणारी पृथ्वी एकाच पिशवीत भरतात, वर ओझोनचं छिद्रही त्यातच कोंबतात. मी या तिन्ही गोष्टी लांबीवरून वेगळ्या करायचे. एक नाकाजवळची, दुसरी ढगातली, तिसरी अख्ख्या आभाळाची.

नाकाजवळची म्हणजे धूर आणि धूळ. ती जिथे निघते तिथेच जास्त त्रास देते आणि पाऊस आला की बरीचशी खाली बसते. ढगातली म्हणजे कोळसा, डिझेल, तेल जळताना निघणारे गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू. ते वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात आणि काही दिवसांत पाण्याबरोबर खाली येतात. ब्रिटन आणि मध्य युरोपातला धूर नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरला तो असाच. तिसरा कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपण श्वास सोडतो त्यातही तो आहे. पण एकदा वर गेला की त्यातला बराच भाग शेकडो वर्षं राहतो, म्हणून तो कुठल्याही चुलीतून निघो, सगळ्या जगाचा होतो. ओझोनची गोष्ट या तिघांपेक्षा वेगळी आहे. ती सहावीत काढूच नका.

तिसऱ्यासाठी काचेच्या बाटल्या उन्हात ठेवायचा प्रयोग बरेच जण करतात. तो घाईत केला तर नुसती कोंदलेली हवा तापते आणि मुलांना चुकीचंच कळतं. मी गोधडी न्यायचे. आजीची, जुन्या लुगड्यांची. गोधडी स्वतः गरम असते का? हात लावून बघा, गार आहे. मग पांघरल्यावर ऊब कशी येते? आपलीच ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. धरतीची ऊब रात्री आभाळात जाते आणि हा वायू तिला थोडी अडवतो. तो अजिबात नसता तर आपण गोठलो असतो, हेही सांगायचं. अडचण अशी की गोधडीवर आपण थर चढवत चाललोय. कारखाने यायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आता ४२० च्या वर. मुलींना मी आवर्जून युनिस फूट या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगायचे. १८५६ मध्ये त्यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळ्या हवा भरून उन्हात ठेवल्या आणि दाखवलं की हा वायू भरलेलं नळकांडं जास्त तापतं आणि निवायलाही जास्त वेळ घेतं. त्यांच्याकडे होता एक हवेचा पंप, चार थर्मामीटर आणि दोन नळकांडी.

म्हणजे तुमच्या त्या मुलाचं अर्धं बरोबर आहे. कोळसा जाळला की हा वायू निघतो, आणि दीपनगरला कोळशावरच वीज होते. पण चिमणीतून दिसणारा धूर म्हणजे तो वायू नव्हे, आणि दीपनगरच्या धुरामुळे यावलला ऊन लागतं असंही नाही. खान्देशचा उन्हाळा पूर्वीपासूनच कडक. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ च्या घरात जाणं आपल्या आजोबांनाही नवं नव्हतं. म्हणून आजच्या एका उन्हाकडे बोट दाखवून ‘हा बघा हवामान बदल’ असं म्हणू नका, मुलं उद्या पाऊस पडला की तुम्हालाच खोटं पाडतील. हवामान बदल म्हणजे तीस-तीस वर्षांच्या सरासरीत पडलेला फरक. जगाचं सरासरी तापमान जुन्या काळाच्या मानाने एक अंशाहून थोडं जास्त वाढलंय. हा आकडा ऐकायला लहान वाटतो. मुलांना सांगा, अंगात एक अंश ताप चढला तर कसं वाटतं ते आठवा.

आणि त्या पोराला पंखा लावायला सांगा. हे मी अगदी आग्रहाने लिहितेय. बारा वर्षांच्या मुलाने भुसावळच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून पृथ्वी वाचवायची, असं ओझं त्याच्या अंगावर टाकायचा आपल्याला हक्क नाही. भारतात एका माणसामागे वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत त्याच्या सहा-सात पट. त्यातही पत्र्याच्या घरात राहणाऱ्या मुलाचा वाटा किती? खोलीत कोणी नसताना पंखा बंद कर, एवढं सांगा. मग त्याला साक्रीकडे नेता आलं तर न्या. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आपल्याच धुळे जिल्ह्यात आहेत. पंखा कशावर फिरवायचा हा मोठ्यांनी सोडवायचा प्रश्न आहे आणि मोठे तो सोडवू लागले आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहू दे.

चिमणीबद्दल बोलताना जरा जपून. तुमच्या वर्गात एखाद्याचे वडील, काका तिथेच कामाला असतील. त्यांना गुन्हेगार ठरवून घरी पाठवू नका. त्यापेक्षा कोळशात काय काय असतं ते शिकवा. ईशान्येकडचा कोळसा सोडला तर आपल्या देशी कोळशात गंधक कमी, बहुतेक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण राख ३० ते ४५ टक्के. म्हणून आपल्याकडे औष्णिक केंद्राच्या शेजारच्या माणसाला रोज सतावते ती राख. ती पकडायची यंत्रं असतात, पकडलेली राख सिमेंटला आणि विटांना जाते, उरलेली तळ्यात साठवतात. गंधकाच्या वायूवरही केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली. ती कुठल्या केंद्राला लागू करायची, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. आणखी एक, औष्णिक केंद्रांत कमरेला बारीक असे जे रुंद मनोरे असतात, त्यांतून पांढरं निघतं ती निव्वळ वाफ. मुलं चित्र काढताना नेमकं त्यालाच काळं रंगवतात.

मला स्वतःला या सगळ्यात नाकाजवळची गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते, आणि तीच आपण सर्वात कमी शिकवतो. चोपड्याकडच्या एका खेड्यात असताना मी मुलांना पोस्टकार्डं दिली होती. पांढऱ्या बाजूला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा, दोऱ्याने टांगायचं, दोन दिवसांनी आणायचं. एक एसटीच्या थांब्यावर, एक शाळेच्या व्हरांड्यात, एक कपाशीच्या बांधावर, एक घरात. सगळ्यांची खात्री होती की थांब्यावरचं सगळ्यात काळं होणार. दोन दिवसांनी कार्डं फळ्याखाली ओळीने मांडली. थांब्यावरच्या कार्डावर तांबूस-करडी धूळ होती, बोटाला खरखरीत लागणारी. बांधावरचं जवळपास कोरं. आणि एका मुलाने स्वयंपाकघरात टांगलेलं कार्ड काळं, तेलकट, काजळ फासल्यासारखं. त्याची आई पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, दोन वेळच्या भाकरी करायची, चुलीवरचा पत्रा डोक्याला लागेल इतका खाली. तो बराच वेळ कार्डाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, हे मायच्या छातीत जातं?”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण लगेच विचारलं, धूर जायला वाट आहे का? त्यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली. पुढच्या महिन्यात त्याच्या वडिलांनी चूल ओसरीत आणली. नंतर, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत गॅस पोचला. तरी सिलिंडर संपला की पऱ्हाट्या आहेतच, आणि भरताची वांगी तर आजही लोक हौसेने त्यावरच भाजतात. भाजू द्या, पण उघड्यावर.

सहावीच्या मुलांना कणांचं मापही समजतं. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. धुरातले जे कण खोल फुप्फुसात जातात ते अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीत वीस-पंचवीस ओळीने मावतील. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातल्या इतर शहरांबरोबर आपलं जळगावही आहे. म्हणजे जी धूळ ढगात जाऊन आंबटपणा मारते, ती रस्त्यावर आपल्या छातीत जाते. ही गुंतागुंत मुलांपासून लपवू नका, त्यांना ती आवडते.

एक काम मात्र मुलांच्या आधी तुम्ही करा. शाळेच्या मागे जाऊन पाहा. पालापाचोळा, कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं, फाटक्या वह्या झाडून तिथे काडी लावतात का? मी जिथे जिथे नोकरी केली तिथे तिथे लावत, आणि कित्येक वर्षं मीच मुलांना काडीपेटी देत होते. तुम्ही प्रदूषणाचा धडा संपवून बाहेर आलात आणि शाळेमागून प्लास्टिकचा वास येत असला, तर मुलं धड्यापेक्षा त्या वासावर जास्त विश्वास ठेवतील. पाल्याचा खड्डा करा, प्लास्टिक वेगळं बांधून ठेवा. शेतातल्या पऱ्हाट्यांचा विषय पालकसभेत तुम्ही काढा, मुलांच्या तोंडून बापाला ऐकवू नका. शेतकरी पऱ्हाटी जाळतो त्यामागे गुलाबी बोंडअळीची धास्तीही असते. शेत लवकर मोकळं करणं गरजेचंच आहे. तेव्हा भुगा करायचं यंत्र भाड्याने मिळतं का, हे कृषी सहायकाकडून आधी विचारून घ्या आणि मग बोला.

आणि भीतीचं म्हणाल तर आंबट पावसाची गोष्ट तुम्ही मधेच सोडलीत, ती शेवटपर्यंत सांगा. व्हिडिओ मेलेल्या माशांवर संपतो. खरी गोष्ट पुढे बरीच चालते. मँचेस्टरमध्ये रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच शहराचा धूर आणि पावसातला आंबटपणा यांचा संबंध दाखवला. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. शंभर वर्षांनी, डिसेंबर १९५२ मध्ये, लंडनवर कोळशाचा धूर आणि धुकं पाच दिवस कोंडलं आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या हबर्ड ब्रुक जंगलात १९६३ पासून शास्त्रज्ञ पावसाचा प्रत्येक थेंब तपासत बसले. १९७९ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या देशांनी जिनिव्हात करार केला, कारण धूर हद्द ओळखत नाही हे त्यांना पटलं होतं. १९९० मध्ये अमेरिकेने कायदा कडक केला. तिथल्या वीज केंद्रांतून निघणारा गंधकाचा वायू पुढच्या तीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला. काही तळ्यांत मासे परत आले, काहींची माती अजून सावरतेय. आपल्याकडेही २००० सालापासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२० पासून पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली. तुमच्या गावाजवळच्या पंपावर वडील ट्रॅक्टरमध्ये भरतात तेच हे डिझेल. पण मुलांना ते कोणी सांगितलेलंच नसतं.

पुढच्या पावसात काय करायचं ते आजच ठरवून ठेवा. जास्वंदीच्या पाच-सहा लाल पाकळ्या कोमट पाण्यात चुरगळायच्या, गाळायच्या. ते पाणी लिंबात गुलाबी होतं, चुन्याच्या निवळीत हिरवट. हळद इथे उपयोगाची नाही, ती आंबटाला रंग बदलत नाही. चार काचेच्या बरण्या घ्या आणि पावसासाठीच्या दोन मोकळ्या पटांगणात मध्ये ठेवा, पत्र्याच्या पागोळीखाली नको, झाडाखाली नको. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी एका बरणीत, अर्ध्या तासानंतरचं दुसरीत, तिसरीत हापशाचं, चौथीत ताकाची निवळी, आणि मग प्रत्येकीत थोडं जास्वंदीचं पाणी. पावसाच्या पाण्याने रंग जेमतेम हलेल, कदाचित हलणारही नाही. मुलं हिरमुसली तर सांगा की हेही एक उत्तरच आहे, ते वहीत तसंच लिहायचं.

बरण्या पटांगणात ठेवायला आणि उचलायला त्याच मुलीला पाठवा. सोबत दोघी मैत्रिणी असू द्या. छत्री घ्यायची की नाही ते तिचं तिला ठरवू द्या. आणि जास्वंदीचं पाणी एका दिवसात उतरतं, आदल्या दिवशी करून ठेवू नका.